महात्मा जोतीरावांचा वारसा कोणी जतन केला?

प्रतिवर्षी एप्रिलची ११ तारीख उजाडली म्हणजे आपल्या माळी ज्ञातीच्या सभागृहांतून, वसतिगृहांतून आणि गावोगावच्या मंडळांतून महात्मा जोतीराव फुले यांच्या तसबिरीस पुष्पहार अर्पण केला जातो. भाषणे होतात, गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके वाटली जातात, आणि 'जोतीराव आपल्या ज्ञातीत जन्मले, आपण त्यांचे वारस आहोत' हे वाक्य एकदा तरी उच्चारले जाते. आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे. त्यात अभिमान आहे आणि तो गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु गेल्या वर्षी आपल्या कार्यकारी मंडळाच्या एका बैठकीत असा एक प्रसंग घडला की, त्या वाक्याचा अर्थ पुन्हा तपासून पाहणे आम्हांस भाग पडले.

आपल्या मुलींच्या वसतिगृहात दोन जागा रिकाम्या होत्या. अन्य ज्ञातीतील एका मुलीचा प्रवेशासाठी अर्ज आला. मुलगी हुशार, घरची स्थिती बेताची. अर्ज वाचून होताच एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "ही वास्तू आपल्या बागाईतदारांनी भाजीपाला विकून, पैपैची वर्गणी देऊन उभी केली. देणगीदारांनी पैसा दिला तो आपल्या लेकरांसाठी. परक्यांस जागा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?" त्यांचा हेतू शुद्ध होता आणि मुद्दाही पोकळ नव्हता, वर्गणी देणाऱ्यांच्या शब्दाला मान हवाच. निर्णय पुढे ढकलण्यात आला. तो अर्ज अद्याप चिटणीसांच्या फायलीत आहे. त्या अर्जाच्या निमित्ताने आम्ही इतिहासाची पाने उलटली आणि एकच प्रश्न मनाशी धरला : जोतीरावांच्या मागे त्यांचा वारसा जतन केला तो कोणी, आणि कसा?

प्रथम हे पाहू की, जोतीरावांनी मागे ठेवले तरी काय. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. तो वाडा तात्यासाहेब भिडे ह्या ब्राह्मण गृहस्थांचा होता. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे सहकारीही ब्राह्मणच होते. ह्या कामापायी वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा त्या तरुण दांपत्याला आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. महार-मांगांची मुले शाळेत यावीत म्हणून खटपट केली ती लहुजी वस्ताद साळवे यांनी. त्याच शाळांतून शिकलेल्या मुक्ता ह्या मांग समाजातील मुलीने आपल्या बांधवांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. प्रारंभापासूनच हे कार्य एका ज्ञातीच्या चौकटीत मावणारे नव्हते, हे ह्या नावांवरून ध्यानी यावे.

पुढे १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि फसलेल्या विधवांना आपल्या घराचे दार उघडले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केले. पुण्याच्या एका पेठेत राहणारा हा पुरुष माणसाच्या नागरी हक्कांचा विचार किती दूरवरचा करीत होता, ह्याची साक्ष त्या अर्पणपत्रिकेत आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. आणि १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात सरकारी महसूल रयतेकडून गोळा होतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ह्या अन्यायावर बोट ठेवून बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, अशी मागणी केली. ही दुसरी मागणी वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिची पूर्ती कोणी केली हे पुढे येणार आहे.

जोतीराव-सावित्रीबाईंना स्वतःचे अपत्य नव्हते. १८७४ साली त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले. ते केवळ मिळकतीचे कागद म्हणून वाचून भागणार नाही. यशवंत विद्या संपादन न करता नालायक निघाला, तर आपल्या मिळकतीचा वारसा माळी, कुणबी, धनगर आदी शूद्र समाजांतील लायक मुलाकडे जावा, अशी तजवीज त्यांनी त्यात केली होती. ज्ञातिबांधवांनी ह्या तजविजीकडे क्षणभर थांबून पाहावे. एका जातीत जन्मलेल्या गृहस्थाने दुसऱ्या जातीत जन्मलेला पुत्र घेतला, आणि त्याच्याही वारसाहक्काला लायकीची अट घातली. लायकीचा शोध घेताना आपल्या ज्ञातीबाहेरची दारेही मोकळी ठेवली. वारसा म्हणजे वतन नव्हे, हे त्यांनी कायद्याच्या कागदावरच नोंदवून ठेवले. वतन जन्माने मिळते आणि बसून खाता येते. जोतीरावांचा वारसा पात्रतेने मिळवावा लागतो. यशवंत लायकच निघाला, डॉक्टर झाला, ही समाधानाची गोष्ट.

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. तरीही त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले आणि पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाले.

वारशाची पहिली धुरा सावित्रीबाईंनी उचलली. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे धरण्याच्या हक्कावरून वाद निर्माण झाला, तेव्हा त्या स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे झाल्या. ज्या काळी स्त्रीने स्मशानाची वाट धरणेही निषिद्ध मानीत, त्या काळातील ही गोष्ट आहे. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला असता यशवंतरावांनी हडपसरजवळच्या माळरानावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेगची गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्यास स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पतीचे स्मारक कसे करावे, हा प्रश्न त्यांनी कोणत्या समितीपुढे ठेवला नव्हता. पतीने हौद ज्यांच्यासाठी उघडला, त्यांच्याच लेकरासाठी त्यांनी प्राण वेचला. त्यांचे स्मारक ते हेच.

दुसरी धुरा वृत्तपत्रांनी वाहिली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईस चालविण्यास घेतले. लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. आज रविवारी निवांत चहा घेणाऱ्या किती जणांना ह्या माणसाचे स्मरण असते? १८९७ च्या प्लेगने लोखंड्यांनाही नेले. त्यांच्यामागे 'दीनबंधु' वासुदेव लिंगोजी बिर्जे यांनी सांभाळले, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची लेखणी हाती घेतली. तानुबाई फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या होत्या. एका शाळेतील पाटीवर गिरविलेली अक्षरे अशी वृत्तपत्राच्या अग्रलेखापर्यंत पोचली. पुढे १९१० साली मुकुंदराव पाटील यांनी नगर जिल्ह्यातील तरवडी ह्या खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केले आणि आडगावी छापखाना चालवून ते पत्र अर्धशतकाहून अधिक काळ नेटाने टिकविले.

आता ज्या कथेने आमच्या बैठकीतील प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश पडतो, तिच्याकडे वळू. कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी प्रथम सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु त्यात ब्राह्मण विद्यार्थ्यांखेरीज इतरांस वाव मिळेना, असा अनुभव आला. तेव्हा महाराजांनी निराळा मार्ग अवलंबिला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. जैन, मुसलमान, लिंगायत आदी समाजांची वसतिगृहे पाठोपाठ उभी राहिली. आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली, आणि त्या त्या ज्ञातीच्या धुरीणांना आपल्या मुलांसाठी हात सैल सोडण्यास उद्युक्त केले. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली, आणि १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम सुटला. जोतीरावांनी १८८२ साली जे मागितले, ते त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी एका मराठा राजाने आपल्या संस्थानात प्रत्यक्षात आणले.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे मूळ ह्याच वसतिगृहांच्या परंपरेत आहे. ज्ञातीच्या नावाने पैसा लवकर जमतो, पालकांचा विश्वास बसतो, आणि खेड्यातून आलेल्या पोरक्या मनाच्या मुलास आपलेपणा वाटतो. हा त्या योजनेतील व्यवहार होता, आणि तो यशस्वी झाला. म्हणून ज्ञातीच्या वसतिगृहांस कमी लेखण्याचे आमच्या मनातही नाही. पण ज्ञातीचे वसतिगृह ही नदी उतरण्याची नाव आहे. पैलतीरी पोचल्यावरही नावेतच घर करून राहणे शहाणपणाचे नव्हे.

ह्या मर्यादेचा अनुभव ज्याने विद्यार्थिदशेतच घेतला तो पुरुष म्हणजे कुंभोजचे भाऊराव पायगौंडा पाटील. ते जैन कुळातील. कोल्हापुरास आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहात राहून शिकत असता ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, परत येताच त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास फर्माविण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले आणि वसतिगृहास मुकावे लागले. एका स्नानाची ती गोष्ट, पण तिच्यातून महाराष्ट्राच्या शिक्षणाला वळण लागले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. त्यासाठी त्यांना प्रेरणा होती ती सत्यशोधक विचाराची. १९२४ साली ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी जे वसतिगृह चालविले, त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. परंतु शाहू महाराजांच्या काळी जे अनेक वसतिगृहांत विभागलेले होते, ते भाऊरावांनी एका छपराखाली आणले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच पंगतीस जेवीत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, पाणी भरीत आणि शेतात राबत. १९२७ साली महात्मा गांधींनी ह्या वसतिगृहास भेट दिली. मुलांच्या पोटासाठी पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्या लेकरांत स्वज्ञातीचे किती आणि परज्ञातीचे किती, ही मोजदाद त्या माउलीने केली नव्हती.

१९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यास ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. वाचकांनी मघा ध्यानात ठेवलेली जोतीरावांची दुसरी मागणी येथे आठवावी. शेतकऱ्यांच्या घरातून शिक्षक निर्माण व्हावेत हे १८८२ सालचे मागणे सरकारने पुरविले नाही. ते त्रेपन्न वर्षांनी एका जैन शेतकऱ्याच्या मुलाने पुरविले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले, परंतु त्यांनी बोधचिन्ह म्हणून निवडलेल्या वटवृक्षाप्रमाणे संस्थेच्या पारंब्या गावोगाव रुजल्या आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोतीरावांना आपल्या गुरूंत स्थान दिले आणि शूद्रांच्या मूळ स्थितीचा शोध घेणारा आपला १९४६ सालचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण अर्पणपत्रिका लिहून ते थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढून मराठवाड्याच्या मागासलेल्या भागात उच्च शिक्षणाची गंगा आणली. ह्या महाविद्यालयांचे दरवाजे सर्वांना खुले होते. गुरूचे ऋण कसे फेडावे, ह्याचा हा वस्तुपाठ होय.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार करू. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव आणला, तेव्हा शहरात मोठे वादळ उठले आणि पुतळा त्या वेळी उभा राहू शकला नाही. ज्या नगरीत ते जन्मभर झिजले, तेथे त्यांना चौथराभर जागाही मिळेना. तरीही सातारा-कोल्हापुराकडे त्यांचा विचार शाळांच्या रूपाने वाढतच होता. पुढे काळ पालटला. पुण्याच्या मंडईस जोतीरावांचे नाव देववून घेतले ते आचार्य अत्रे यांनी, आणि १९५४ साली त्यांच्यावर चित्रपट काढला तोही अत्र्यांनीच. धनंजय कीर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले समग्र वाङ्मय १९६९ साली शासनाने प्रसिद्ध केले. राहुरीच्या कृषी विद्यापीठास जोतीरावांचे आणि २०१४ साली पुणे विद्यापीठास सावित्रीबाईंचे नाव मिळाले. मात्र ज्या भिडे वाड्यात पहिली शाळा भरली, तो वाडा वर्षानुवर्षे कोर्टकज्जात अडकून ढासळत राहिला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात वाद संपला आणि राष्ट्रीय स्मारकासाठी ती जीर्ण वास्तू उतरविण्यात आली. वास्तू पडली ह्याचे दुःख आहेच. पण त्या वास्तूत पेटविलेला दिवा तिच्याबाहेर कितीतरी घरी जळत होता, म्हणून अंधार झाला नाही.

ह्या साऱ्या नामावळीकडे पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. भालेकर आणि लोखंडे हे आपले ज्ञातिबंधू. त्यांचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु शाहू महाराज मराठा, भाऊराव जैन, बाबासाहेब महार समाजात जन्मलेले, अत्रे ब्राह्मण. ह्यांपैकी कोणीही आपल्या ज्ञातीची परवानगी विचारून जोतीरावांचा वारस झाला नाही. ज्याने दुसऱ्याच्या लेकरासाठी दार उघडले, तो वारस ठरला. आपण केवळ जन्माच्या बळावर वारस म्हणवून घेऊ, तर जोतीरावांनी ज्या जन्माच्या मोठेपणाशी आयुष्यभर झुंज दिली, तोच मोठेपणा त्यांच्याच नावाने आपण मिरवू लागलो असे होईल.

म्हणून तीन नम्र सूचना आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. पहिली : आपल्या वसतिगृहात व शिष्यवृत्तींत काही जागा अन्य ज्ञातींच्या गरजू मुलांसाठी, त्यांतही मुलींसाठी, नियमानेच राखून ठेवाव्यात. जुन्या देणगीदारांच्या शब्दाला बाध येऊ नये म्हणून ह्या जागांचा खर्च नव्या वर्गणीतून चालवावा. दुसरी : आपल्यांत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ जवळच्या ज्या वस्तीत मुले शाळा सोडतात तेथे द्याव्यात, मग ती वस्ती कोणाचीही असो. तिसरी : अनेक जुन्या घराण्यांतील पेट्यांत सत्यशोधक काळातील पत्रे, लग्नपत्रिका, जलशांच्या वह्या, 'दीनमित्रा'चे अंक पडून आहेत. वाळवी लागण्यापूर्वी ते सर्व एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, म्हणजे कोणत्याही ज्ञातीच्या अभ्यासकास ते पाहता येतील.

बैठकीत हरकत घेणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सभासदांस आम्ही हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मृत्युपत्रातली ती अट मला ठाऊक नव्हती. माझी पहिली वर्गणी त्या नव्या खात्यात लिहा."

त्या मुलीचा अर्ज येत्या बैठकीत पुन्हा पुढे येईल. तिच्या अर्जावर जो निर्णय होईल, तोच आपण घातलेल्या पुष्पहाराचा खरा अर्थ ठरवील. सभासदांनी त्या दिवशी अगत्याने उपस्थित राहावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.